पोरं किती खेळतात? नाशिकच्या वर्गांसाठी चार प्रश्नावल्यांची पारख

आधी निकाल सांगून टाकतो, कारण बऱ्याच जणांना तेवढाच हवा असतो. चौथी ते आठवीची मुलं असतील तर पीएक्यू-सी, म्हणजे मुलांच्या शारीरिक हालचालीची प्रश्नावली घ्या, मात्र ती आहे तशी झेरॉक्स करू नका. नववी किंवा त्यापुढची मुलं असतील आणि हातात मिनिटं हवी असतील तर थ्री-डीपीएआर, म्हणजे तीन दिवसांच्या आठवणीचा तक्ता. ‘किती टक्के मुलं पुरेशी हालचाल करतात’ एवढंच विचारायचं असेल तर साठ मिनिटांचा एकच प्रश्न पुरतो. आणि आयपॅक, म्हणजे आंतरराष्ट्रीय शारीरिक हालचाल प्रश्नावली, जी प्रबंधांमध्ये जिथे तिथे दिसते, ती शाळेत नेऊच नका.

चारही फुकट आहेत. खर्च येतो तो छपाईचा आणि शाळेचा एक तास मिळवण्याचा, आणि यातली महाग गोष्ट दुसरी. म्हणून चुकीचा कागद घेऊन वर्गात जाणं परवडत नाही.

पीएक्यू-सी: चांगली, पण कॅनडाची

ही सस्कॅचवान विद्यापीठातल्या संशोधकांनी तयार केली. मूळ अभ्यास १९९७ चे, वापराची पुस्तिका २००४ ची. पुढच्या वयासाठी, नववी ते बारावीसाठी, तिचीच बहीण पीएक्यू-ए आहे. तिच्यात छोट्या सुट्टीचा प्रश्न नाही, बाकी साचा तोच.

गेल्या ७ दिवसांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ गुण, आणि नऊ गुणांची सरासरी म्हणजे मुलाचा अंतिम आकडा. दहावा प्रश्न ‘आजारी होतास का, कशामुळे खेळता आलं नाही का’ असा असतो. त्याला गुण नाहीत, तो फक्त चाळणीसाठी. ‘हो’ म्हणणाऱ्यांचे कागद वेगळे काढायचे. पुष्कळ जण दहाव्यालाही गुण देऊन दहाने भागतात. तसं केलेला तक्ता दिसला की पुढचं वाचायची गरज उरत नाही.

पहिला प्रश्न खेळांच्या यादीचा. मूळ यादीत २२ खेळ आणि खाली ‘इतर’च्या ओळी. त्यात आइस हॉकी आहे, बर्फावरचं स्केटिंग आहे, क्रॉस-कंट्री स्कीइंग आहे, फ्लोअर हॉकी आणि स्ट्रीट हॉकी वेगवेगळी आहेत. सिडकोतल्या सातवीच्या मुलासमोर हे ठेवलं तर तो पहिल्या पाच ओळींतच कंटाळतो आणि सरळ ‘नाही, नाही, नाही’ अशी रेघ ओढत खाली येतो. त्या रेघेत कधी कधी सायकलही वाहून जाते. म्हणून यादी बदलायचीच: बर्फाचे सगळे खेळ, बेसबॉल आणि जादा हॉकी बाहेर, कबड्डी, खो-खो, क्रिकेट, लंगडी, लगोरी, मल्लखांब, कराटे, सूर्यनमस्कार, लेझीम आत. ढोलाला वेगळी ओळ द्या. गणपतीच्या आधीच्या आठवड्यांत कमरेला ढोल बांधून रोज दोन तास सराव करणारी मुलं-मुली शहरात कमी नाहीत, आणि त्या मेहनतीला ‘नाच’ म्हणून टिक करायला कुणी तयार होत नाही.

वल्हवणं मात्र खोडताना जरा हात आवरा. तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात उतरला, तो याच जिल्ह्याचा. गंगापूर धरणाच्या बाजूची शाळा असेल तर ती ओळ राहू द्या.

ओळींची एकूण संख्या शक्यतो २२च ठेवा. कारण पहिल्या प्रश्नाचा गुण म्हणजे सगळ्या ओळींची सरासरी, आणि ‘नाही’लाही १ गुण असतो. आकडे मांडून पाहू. एक मुलगी रोज कबड्डी खेळते आणि रोज सायकल चालवते, बाकी काही नाही. तिचा गुण: दोन ओळींचे १०, वीस ओळींचे २०, एकूण ३०, भागिले २२, म्हणजे १.३६. दुसऱ्याने अकरा खेळ आठवड्यातून एकदा-दोनदा चाखून पाहिले. त्याचे २२ अधिक ११, म्हणजे ३३. भागिले २२, म्हणजे १.५. रोज घाम गाळणारी मागे आणि सगळीकडे तोंड लावणारा पुढे! त्यामुळे पहिल्या प्रश्नाचा गुण सुटा काढून त्यावर निष्कर्ष लिहू नये. एकूण आकड्यात मात्र हा फरक नवाने भागला जातो आणि पार विरघळतो. यादीवरून समित्यांमध्ये जेवढा वाद होतो, तेवढ्याची लायकी तिची नाही.

खरा घोळ पुढे आहे. तिसरा प्रश्न छोट्या सुट्टीचा आणि चौथा जेवणाच्या सुट्टीचा. पाचवा ‘शाळा सुटल्यावर लगेच’, सहावा ‘संध्याकाळी’, सातवा ‘शनिवार-रविवारी’. कॅनडातल्या मुलाचा दिवस या खणांमध्ये नीट बसतो. आपल्याकडे सकाळ सत्राची मुलं साडेबाराच्या आसपास घरी जाऊन जेवतात. त्यांना डब्याची सुट्टीच नाही. ‘शाळा सुटल्यावर लगेच’ म्हणजे त्यांच्यासाठी भर दुपारचं ऊन. दुपार सत्राची मुलं बाहेर पडतात तेव्हा संध्याकाळ झालेलीच असते, म्हणजे पाचवा आणि सहावा प्रश्न त्यांच्यासाठी एकच. काही मुलं एकच क्रिकेट दोन्हीकडे लिहितात, काही एकाच ठिकाणी. आणि बऱ्याच शाळांत शनिवार सकाळची शाळा असते, कवायतही बहुधा त्याच दिवशी. म्हणजे ‘सुट्टीच्या दिवशी’ असं विचारलं की एकाच्या डोक्यात दीड दिवस असतो, दुसऱ्याच्या डोक्यात फक्त रविवार.

हे वरवरचं वाटेल, पण हिशोब करा. समजा एका मुलाचे नऊ गुण असे: १.३६, ५, ३, २, ४, ५, ४, ४ आणि ३.८६. बेरीज ३२.२२, सरासरी ३.५८. यातला चौथा गुण, डब्याच्या सुट्टीचा, त्याला लागूच नाही असं धरा. तो प्रश्न काढून आठने भागलं तर ३.७८ येतात. मुलाने ‘सुट्टीत काही केलं नाही’ म्हणून १ ला गोल केला आणि तुम्ही तो तसाच घेतला तर ३.४७. एका न घडलेल्या सुट्टीने ०.३१ चा फरक पडला, आणि यादीतल्या सगळ्या बर्फाने मिळून एवढा पडत नाही. सकाळ सत्र आणि दुपार सत्र यांची तुलना करून ‘सकाळची मुलं कमी खेळतात’ असा निष्कर्ष कुणी काढला, तर आधी हा प्रश्न कसा हाताळला ते विचारा.

उपाय सोपा आहे. शाळेत जाण्याआधी वेळापत्रक मागवा. सकाळ सत्रासाठी चौथा प्रश्न छापूच नका आणि आठने भागा. पाचव्या-सहाव्या प्रश्नात ‘लगेच’, ‘संध्याकाळी’ असे शब्द न वापरता घड्याळाच्या वेळा घाला. सातव्यात सरळ ‘शनिवारी शाळा सुटल्यापासून रविवारी रात्री झोपेपर्यंत’ असं लिहा. शब्द लांबतात, पण मुलं चुकत नाहीत.

मराठी करताना कुठे पाय घसरतो

‘शारीरिक क्रिया’ हा शब्द मुलांना परका आहे. ‘व्यायाम’ म्हटलं की सूर्यनमस्कार आणि जोर-बैठकाच मोजल्या जातात, पकडापकडी सुटते. ‘खेळ’ म्हटलं की कॅरम, बुद्धिबळ आणि मोबाईलवरचा खेळ आत येतो. सगळ्यात बरं म्हणजे व्याख्याच बोलीत द्यावी: ‘ज्यात धाप लागते, घाम येतो किंवा पाय भरून येतात असे खेळ, पळापळ, नाच.’ मूळ इंग्रजी सूचनेतही हीच तीन लक्षणं आहेत. घामावर फार विसंबू नका. निफाडकडे जानेवारीत सकाळी पारा एवढा खाली असतो की दोन फेऱ्या पळूनही घाम दिसत नाही, आणि मे महिन्यात नुसतं बसूनही येतो. धाप हे लक्षण बारा महिने चालतं: बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, ती मध्यम मेहनत, एका दमात दोन-चार शब्दच निघतात, ती जोराची.

‘गेल्या आठवड्यात’ हा शब्दप्रयोग टाळा. गुरुवारी विचारलं तर काही मुलं मागचा सोमवार ते रविवार धरतात, काही काल-परवापासून मागे मोजतात. फळ्यावर तारखा लिहा: अमुक वारापासून कालपर्यंत. आणि ‘परवा’ तर बिलकुल नको. आपल्या भाषेत तो मागचाही असतो आणि पुढचाही.

पर्यायांची चढण हाही एक अडथळा आहे. ‘कधीतरी, कधी कधी, बऱ्याचदा, नेहमी’ यातलं पहिलं आणि दुसरं मुलांना सारखंच वाटतं. ‘जवळजवळ कधीच नाही’ असं स्पष्ट लिहिलं की पायरी दिसते. भाषांतर दुसऱ्याकडून उलट इंग्रजीत करून घेणं हा रिवाज आहेच, पण आठ-दहा मुलांना समोर बसवून ‘याचा अर्थ तुला काय वाटला?’ असं विचारणं जास्त उपयोगाचं. पहिलं काम दोन प्राध्यापकांचं समाधान करतं, दुसरं चुका दाखवतं.

ती काय मोजत नाही

पीएक्यू-सी मिनिटं देत नाही, कॅलरी देत नाही, मध्यम आणि जोराची मेहनत वेगळी करत नाही. हे तिच्या पुस्तिकेतच लिहिलेलं आहे. तरीही ‘३ च्या वर म्हणजे रोज साठ मिनिटं’ असली कोष्टकं फिरत असतात; ती वापरू नका. मुलांना एकमेकांच्या तुलनेत खाली-वर लावणं हे तिचं काम आणि ते ती बऱ्यापैकी करते. मूळ अभ्यासात आठवड्याच्या अंतराने पुन्हा भरून घेतल्यावर मुलांमध्ये ०.७५ आणि मुलींमध्ये ०.८२ इतका मेळ आला (१ म्हणजे पूर्ण मेळ). अंगावर लावलेल्या हालचाल-मापकाशी मात्र संबंध ०.३९ एवढाच. प्रश्नावल्यांच्या जगात हा आकडा लाजिरवाणा नाही, पण यंत्राची जागा घेणाराही नाही.

दुसरी उणीव आपल्या जिल्ह्यात जास्त टोचते. यादीत ‘व्यायामासाठी चालणं’ आहे. शाळेत चालत जाणं, पाणी आणणं, गुरांमागे जाणं, द्राक्षाच्या हंगामात बागेत राबणं यांना जागा नाही. सुरगाणा, पेठ, हरसूल भागातलं मूल रोज तीन किलोमीटर चढ-उतार करत शाळेत येतं आणि कागदावर ‘१’ मिळवतं. कॉलेज रोडचं मूल स्कूटीवर मागे बसून बॅडमिंटनच्या कोचिंगला जातं आणि पुढे राहतं. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्यपदक घेऊन आली, त्या भागातली मुलं ‘कमी हालचालीची’ निघत असतील तर मोजपट्टीकडे बघायला हवं. ग्रामीण शाळा घेणार असाल तर ये-जा आणि घरकाम यांचे दोन प्रश्न वेगळे जोडा, त्यांची बेरीज वेगळी ठेवा. मूळ नवात मिसळू नका, नाहीतर बाहेरच्या कुठल्याच अभ्यासाशी तुलना उरणार नाही.

थ्री-डीपीएआर: बुधवारी भरायचा तक्ता

सकाळी ७ ते रात्री १२, अर्ध्या-अर्ध्या तासाचे ३४ खण. प्रत्येक खणात यादीतून एकच मुख्य काम निवडायचं आणि ते हलकं, मध्यम, जोराचं की खूप जोराचं ते सांगायचं. बुधवारी वर्गात बसवून आधी मंगळवार, मग सोमवार, मग रविवार असं उलटं भरून घ्यायचं. ताज्या आठवणीपासून मागे जायचं, ही त्यातली युक्ती.

गंमत म्हणजे हा तक्ता आपल्या शाळांना पीएक्यूपेक्षा सरळ बसतो. सत्र कुठलंही असो, घड्याळ तेच. आणि रविवार, सोमवार, मंगळवार घेतल्यामुळे अर्ध्या शनिवारची भानगडच येत नाही. चालत येणं, पाणी आणणं, सगळं खणात मावतं. एक दुरुस्ती लागते: सात ही सुरुवात आपल्याला उशिराची. पहाटे साडेपाचला ट्रॅकवर जाणारी मुलं आहेत, दूध घालणारी आहेत, आणि सकाळ सत्राची तर सातला वर्गात पोचलेली असतात. पाचपासून चार खण वाढवा. गुण काढताना ते वेगळे ओळखता येतील असं छापा.

तोटा म्हणजे वेळ. तीन दिवसांचा तक्ता भरायला नववीच्या वर्गाला एक पूर्ण तास लागतो असं धरून चला, आणि पन्नास मुलांमागे किमान तीन माणसं फिरती हवीत. खण मोठा असल्यामुळे फुगवटाही येतो: पीटीच्या तासाला रांगेत उभं राहण्यात गेलेली दहा मिनिटंही ‘पीटी’च होतात. क्रिकेटमध्ये लाँग ऑनला उभा राहिलेला आणि आठ षटकं टाकलेला, दोघांच्या खणात ‘क्रिकेट, जोराचं’. इथे फिरत्या माणसाने विचारायचं: ‘त्या अर्ध्या तासात धाप किती वेळ लागली होती?’ एवढा प्रश्न विचारला की बरेच ‘जोराचं’ आपोआप ‘मध्यम’ होतात. सातवीच्या खाली हा तक्ता देऊ नका. लहान मुलांची हालचाल तुकड्या-तुकड्यांची, काही सेकंदांच्या धावांची असते. ती अर्ध्या तासाच्या खणात सापडत नाही आणि त्यांना आठवतही नाही.

साठ मिनिटांचा प्रश्न

‘गेल्या ७ दिवसांत किती दिवस तुझी दिवसभरात मिळून किमान ६० मिनिटं धाप लागेल अशी हालचाल झाली?’ उत्तर ० ते ७. जागतिक पातळीवरची शालेय सर्वेक्षणं याच धर्तीवर चालतात. जगातली ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं पुरेशी हालचाल करत नाहीत, हा सगळीकडे छापला जाणारा आकडाही मुलांनी स्वतः दिलेल्या अशा उत्तरांवरच उभा आहे.

‘मिळून’ हा शब्द ठळक छापा. तो सुटला की मुलं सलग एक तास शोधतात आणि शून्य लिहितात. शक्य असेल तर फळ्यावर एक बेरीज करून दाखवा: सुट्टीत १०, संध्याकाळी ३५, सायकलवर १५. बाकी या प्रश्नात बिघडण्यासारखं फार नाही, आणि त्यातून मिळण्यासारखंही फार नाही.

आयपॅक: चुकीच्या वयाचा कपडा

ही १५ ते ६९ वयासाठी बनली. बारा देशांतली चाचणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून ती सगळ्यांच्या हाताशी आहे. अडचण तिच्या हिशोबात आहे. चालण्याला ३.३, मध्यम मेहनतीला ४ आणि जोराच्या मेहनतीला ८ असे मेट गुणक (शांत बसण्याच्या किती पट ऊर्जा लागते तो आकडा), गुणिले मिनिटं, गुणिले दिवस. एक अकरावीचा मुलगा घ्या: आठवड्यात ३ दिवस तासभर फुटबॉल, २ दिवस अर्धा तास मध्यम काम, ६ दिवस वीस मिनिटं चालणं. १,४४० अधिक २४० अधिक ३९६, एकूण २,०७६ मेट-मिनिटं. जोराची मेहनत ३ दिवस आणि एकूण १,५०० च्या वर, म्हणून आयपॅक त्याला सगळ्यात वरच्या ‘उच्च’ गटात टाकते. आता त्याचीच साधी मिनिटं मोजा: १८० अधिक ६० अधिक १२०, म्हणजे ३६०. रोजची सरासरी ५१. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनेप्रमाणे ५ ते १७ वयाला आठवड्याची सरासरी रोज ६० मिनिटं हवीत. म्हणजे एका कागदावर तो ‘उच्च’ आणि दुसऱ्यावर अपुरा.

शिवाय आयपॅक सलग १० मिनिटांच्या खालची हालचाल शून्य धरते. सुट्टीतली पळापळ त्यात पूर्ण बुडते. संघटनेने २०२० मध्ये १० मिनिटांची अट काढून टाकली, प्रश्नावली मात्र जुनीच राहिली.

वर्गात उतरण्याआधी

मुख्याध्यापकांची परवानगी, पालकांचं संमतिपत्र आणि मुलाचा होकार हे तिन्ही लागतात. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हा होकार ७ ते १२ वयाला तोंडी आणि १२ ते १८ ला लेखी. नावाऐवजी क्रमांक टाका. पीटीच्या सरांना नम्रपणे बाहेर थांबवा, कारण ते समोर असले की पीटीच्या प्रश्नाला सगळा वर्ग ५ देतो. गूगल फॉर्म घरी पाठवू नका, आई भरते.

जुलैत इगतपुरी आणि येवला यांची तुलना करू नका, तुम्ही पाऊस मोजाल. परीक्षेचा आठवडा, दिवाळीची सुट्टी आणि स्नेहसंमेलनाच्या तालमीचा काळ टाळा. पीएक्यू शाळा चालू असतानाच वापरायची आहे. उन्हाळी सुट्टीत तिचे निम्मे प्रश्न हवेत लटकतात.

पडताळणीसाठी पंचवीस-तीस मुलांना आठवडाभर कमरेला यंत्र लावता आलं तर उत्तम. पण यंत्र आणि कागद जुळले नाहीत की लगेच मुलांना खोटं ठरवू नका. कबड्डीला यंत्र काढावं लागतं, पोहताना बरीच यंत्रं चालत नाहीत, आणि सायकलवर कंबर फारशी हलत नसल्याने तिथे मोजणी कमी येते. म्हणून यंत्राबरोबर एक चिठ्ठी द्या: कधी काढलं, कशासाठी, किती वेळ.

कागद गोळा करताना दारात उभं राहून प्रत्येकाचा नववा प्रश्न, सात वारांचा तक्ता, पाहून घ्या. रिकामा खण नेहमी तिथेच राहतो, आणि मूल एकदा जिना उतरलं की तो भरून मिळत नाही.